ऊब शेवटच्या नळापर्यंत

आमच्या निघोजे गावातली पहाट पाण्याच्या आवाजाने सुरू होते. पहिल्या पाळीची बस पकडायची म्हणून चार-साडेचारलाच गल्लीतल्या खोल्यांचे दिवे लागतात. गच्चीवरच्या टाक्यांतून पाणी उतरू लागतं आणि भिंतीच्या आतली त्याची सरसर अंथरुणातही ऐकू येते. डिसेंबर-जानेवारीत इंद्रायणीकडून धुकं वर येतं, पारा दहा अंशांच्या खाली जातो. अशा वेळी कामावर निघालेल्या माणसाला सगळ्यांत आधी हवं असतं ते कढत पाणी. चहाची पाळी त्याच्यानंतरची.

त्या पाण्याचा आणि ते आणून देणाऱ्या पाइपांचा मला लळा आहे. घर बांधताना आपण दार कुठे, देवघर कुठे, ओटा कोणत्या दिशेला यावर दिवसचे दिवस बोलतो. गरम पाणी कुठून निघेल, कोणत्या भिंतीतून जाईल आणि कुणापर्यंत कधी पोचेल, याची चर्चा मात्र फारशी कुणी करत नाही. ते आपोआप ठरत जातं. आणि जे आपोआप ठरतं त्यात कुणाला तरी रांगेच्या शेवटी उभं राहावंच लागतं.

माझ्या सासूबाईंच्या उमेदीच्या काळात न्हाणीत तांब्याचा बंब होता. आता तो माळ्यावर आहे, पण दिवाळीला खाली येतो, चिंचेने घासला जातो आणि उन्हात ठेवला की अंगण उजळून टाकतो. त्याची रचना जवळून बघण्यासारखी आहे. मधोमध वरपासून खालपर्यंत गेलेलं एक नळकांडं. त्यात वरून लाकडाच्या ढलप्या, मक्याची बुरकुंडं, गोवरीचे तुकडे टाकायचे. खाली जाळी, जाळीखाली राख. धूर त्याच नळकांड्यातून वर जायचा आणि पाणी त्याच्या चहूबाजूंनी भरलेलं असायचं. जाळाची एकही बाजू वाया जात नसे. बाजूला एक नरसाळं. त्यात ओतलेलं थंड पाणी आतल्या नळीने थेट तळाशी जायचं आणि तेवढंच कढत पाणी वरच्या तोटीतून बाहेर यायचं. एक तांब्या द्यायचा, मगच एक तांब्या मिळायचा. गरम पाणी हलकं म्हणून वर राहतं, थंड पाणी जड म्हणून तळाशी बसतं, एवढ्या एका गोष्टीवर तांबटाने हे सगळं यंत्र उभं केलं होतं. वीस अंशांच्या एक लिटर पाण्याचं वजन ९९८ ग्रॅम भरतं, साठ अंशांच्या पाण्याचं ९८३. फरक पंधरा ग्रॅमचा. त्या पंधरा ग्रॅमवर कित्येक पिढ्यांची आंघोळ झाली.

बंबाच्या काळात ऊब एका जागी असायची आणि माणसं तिच्यापाशी जायची. जायचा क्रम ठरलेला होता. आधी सासरे, मग शेतावर जाणारे दीर, मग शाळेची पोरं, आलेगेले पाहुणे. आळंदीच्या कार्तिकीला घरी मुक्कामाला येणाऱ्या म्हाताऱ्या वारकऱ्यांना पाणी काढून द्यायचा मान मोठा. सगळ्यांचं आवरलं की उरलेल्या निखाऱ्यावर जे कोमट पाणी असेल त्यात सासूबाई न्हायच्या. पहाटे उठून फुंकर घालत बंब पेटवणारी बाई शेवटी कोमट पाण्यावर भागवायची. याची तक्रार तिने कधी केली नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

मग कारखाने आले. चाकण एमआयडीसीच्या नव्या टप्प्यांत आमच्या शिवाराच्या जमिनी गेल्या. बाजरी, कांदा, बटाटा जिथे निघायचा तिथे मोठमोठ्या शेड उभ्या राहिल्या. मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन यांचे कारखाने २००९ मध्ये सुरू झाले, महिंद्राचा २०१० मध्ये. महिंद्राच्या कारखान्याच्या पत्त्यातच ‘गाव निघोजे, तालुका खेड’ असं लिहितात. बीड, लातूर, जळगाव, बिहार, ओडिशा अशा कुठल्या कुठल्या मुलुखातून पोरं कामाला आली आणि त्यांना राहायला खोल्या हव्या झाल्या. पत्र्याची घरं पडून स्लॅब पडले, स्लॅबवर मजला चढला, मागच्या परसात खोल्यांची ओळ आली. आमचंही घर असंच वाढलं. आणि घर वाढेल तसा पाइप वाढत गेला. जिथे लाइन संपली होती तिथे एक टी टाकायचा, पुढे दहा फूट न्यायचं, परत एल्बो मारून वळवायचं. त्या वेळी नड होती ती भागली, म्हणून कुणी मागे वळून पाहिलं नाही.

बंब माळ्यावर गेला तो गच्चीवर सोलर बसला तेव्हा. काचेच्या दुहेरी नळ्या, दोन काचांच्या मधली हवा काढून टाकलेली, त्यामुळे आत शिरलेली ऊब बाहेर पडायला वाट नाही. नळीतलं पाणी उन्हाने तापतं, हलकं होतं, चढून वरच्या टाकीत जातं आणि टाकीतलं थंड पाणी त्याची जागा घ्यायला खाली उतरतं. ना मोटर, ना वीज. बंबाच्या तांब्यात चालायचं तेच इथे काचेत चालतं. पुण्याच्या या सगळ्या टापूत वर्षातले बहुतेक दिवस ऊन स्वच्छ असतं, म्हणून गच्च्यागच्च्यांवर या नळ्या दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या दिसतात. इंधन फुकट, धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत. ज्या बायकांनी आयुष्यभर फुंकणी हातात धरली त्यांना सोलरचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

पण एक मोठा बदल त्यात गुपचूप झाला होता. आता माणसांनी उबेकडे जायचं नव्हतं, उबेने माणसांकडे यायचं होतं. त्यामुळे सगळा भार पाइपावर आला.

आमची जुनी लाइन अशी होती. सोलरची टाकी घराच्या पूर्व टोकाला, जिन्याच्या वर. तिथून एक इंची जीआयचा पाइप बाहेरच्या भिंतीवरून निघायचा, वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोल्यांची न्हाणीघरं एकेक करून घ्यायचा, कोपऱ्यावर वळायचा, खाली उतरून स्वयंपाकघराला एक फाटा द्यायचा आणि सगळ्यांत शेवटी तळमजल्याच्या मागच्या न्हाणीत संपायचा. तिथे सासूबाई आंघोळ करतात. टाकीपासून त्यांच्या नळापर्यंत तीस मीटरचा प्रवास, तोही उघड्या भिंतीवरून, रात्रभर धुक्यात.

एक इंची पाइपात दर मीटरला साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. तीस मीटरला पंधरा लिटर. म्हणजे पहाटे नळ उघडला की आधी पंधरा लिटर गार पाणी यायचं. काल संध्याकाळी तेच पाणी कढत होतं, रात्रभर पाइपात पडून निवलं. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून पंचावन्नवर न्यायला विजेचं अर्ध्या युनिटहून जास्त काम लागतं. उन्हाने दिवसभर राबून केलेलं तेवढं काम रोज वाया जायचं. त्यात वरच्या खोल्यांतली पोरं एकाच वेळी नळ सोडत. पाणी जवळची वाट धरतं, त्यामुळे खालच्या नळाला धार बोटाएवढी. सासूबाई बादलीत हात घालून बघायच्या, थांबायच्या, पुन्हा बघायच्या. “मला काय, कोमट असलं तरी चालतंय,” म्हणायच्या. बंब जाऊन सोलर आला, जाळ जाऊन ऊन आलं, पण शेवटचं कोमट पाणी होतं त्याच बाईच्या वाट्याला राहिलं. हे मला सहन होईना.

त्याच हिवाळ्यात माझ्या दिराचा मुलगा कंपनीच्या कामासाठी जर्मनीला होता. फोनवर तो तिथल्या घराचं कौतुक सांगायचा. “काकू, इथं जाळ कुठं दिसतच नाही. तळघरात बॉयलर आणि घरभर नुसत्या नळ्या फिरवल्यात. खिडकीखाली लोखंडाचे रेडिएटर लावलेत, त्यात गरम पाणी खेळतं आणि खोली ऊबदार राहते.” त्याची खोली मात्र मजल्याच्या शेवटाला होती आणि तिथला रेडिएटर जेमतेम कोमट असे. इमारत जुनी होती आणि नळी एकच. पाणी पहिल्या खोलीत ऊब देऊन दुसरीत जायचं, दुसरीत देऊन तिसरीत, आणि त्याच्या खोलीत पोचेपर्यंत त्याच्यापाशी देण्यासारखं थोडंच उरायचं. पूर्व जर्मनीच्या काळात उभ्या राहिलेल्या इमारतींत ही एकनळी पद्धत खूप वापरली गेली, कारण त्यात पाइप कमी लागे. पुढे अनेक ठिकाणी ती काढून दोन नळ्यांची पद्धत घातली गेली: एक नळी गरम पाणी आणते, दुसरी निवलेलं पाणी परत नेते, आणि प्रत्येक खोलीला आपला वाटा थेट मिळतो.

दोन नळ्या घातल्या तरी जवळच्या खोलीला पाणी जास्त आणि लांबच्या खोलीला कमी जाण्याची ओढ राहतेच. त्यावरचा एक तोडगा आल्बर्ट टिशेलमान या जर्मन अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो. परतीची नळी अशी फिरवायची की ज्या खोलीला गरम पाणी सगळ्यांत आधी मिळतं तिचं परतीचं पाणी सगळ्यांत लांबून यावं, आणि ज्या खोलीला शेवटी मिळतं तिचं सगळ्यांत जवळून. जाण्या-येण्याची बेरीज प्रत्येकाची सारखी. मग पाण्याला कुणाचा पक्षपात करायला जागाच उरत नाही. मोशी-चिखलीच्या मोठ्या सोसायट्यांच्या गच्चीवर सोलर पॅनेलची लांब रांग जोडतानाही हीच रीत कामाला येते. एका नळीच्या वळणात इतका न्याय मावतो, हे समजलं तेव्हा मला कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नाही.

आपल्याकडे घर तापवायची गरज नाही आणि आपली गोष्ट एका अर्थाने उलटीही आहे. त्यांची आग घराच्या पायथ्याशी असते, म्हणून तापलेलं पाणी आपल्या हलकेपणाने वर चढतं. जुन्या काळी तर पंपाशिवायच चढायचं. आपलं ऊन घराच्या माथ्यावर. गरम पाणी आपल्याला वरून खाली आणायचं असतं आणि पाइपात निवलेलं पाणी काही आपणहून परत वर जात नाही. त्यामुळे आपल्याकडे एकच गोष्ट पाहायची: टाकी आणि नळ यांच्यामधलं अंतर, आणि त्या अंतरात अडकून पडणारं पाणी.

आमच्याकडे आलेला प्लंबर एका कारखान्याच्या युटिलिटी विभागात पाइप फिटर आहे. सुट्टीच्या दिवशी गावातली कामं घेतो. गच्चीवर गेला, जुन्या लाइनवरून हात फिरवत जिन्याने खाली आला, सगळ्यांत शेवटी सासूबाईंचा नळ उघडून उभा राहिला. म्हणाला, “वहिनी, सोलर लहान नाही. लाइन लांब आहे.” कोणी म्हणत होतं मोठा सोलर घ्या, कोणी म्हणत होतं न्हाणीत गीझर लावा. त्याने खडूचा तुकडा मागून घेतला आणि फरशीवर घर काढलं. वरची न्हाणीघरं, खालचं स्वयंपाकघर आणि मागची न्हाणी यांच्या मधोमध एक अरुंद डक्ट होता, ज्यात आजवर फक्त सांडपाण्याचे पाइप होते. सोलरची टाकी जिन्यावरून उचलून त्या डक्टच्या डोक्यावर आणायची, एकच उभी लाइन सरळ खाली सोडायची आणि तिच्यातून ज्याचा त्याला वेगळा, आखूड फाटा द्यायचा. उभी लाइन वर एक इंची, खाली उतरेल तशी पाऊण इंची, आणि फाटे अर्ध्या इंचाचे. वरच्या मजल्याला टाकी जवळ असल्याने पाण्याला दाब कमी मिळतो, म्हणून तिथे पाइप रुंद. खाली दाब आपसूक वाढतो, म्हणून तिथे बारीक चालतो. सासूबाईंच्या नळापर्यंतच्या नव्या वाटेत साडेतीन लिटरच्या आसपास पाणी मावत होतं. फरशीवरचा हिशोब माझ्या डोळ्यांसमोर झाला. पंधराच्या जागी साडेतीन.

जुना पाइप उतरवला तेव्हा तो आतून पाहायला मिळाला. आमचं पाणी बोअरचं, काळ्या पाषाणातून आलेलं, जड. पाणी तापलं की त्यातले क्षार सुटतात आणि पाइपाच्या अंगाला धरतात. एक इंची पाइपाचं भोक काही ठिकाणी करंगळी जेमतेम जाईल एवढं उरलं होतं. थर पांढरा, मधूनच गंजाने तांबूस, एकावर एक बसलेला. नखाने खरवडला तर निघत नव्हता. जुन्या जोडांवरची सुतळी आणि सफेदा अजून घट्ट होते. ज्याने ते आटे पाडले त्याने काम चोख केलं होतं. पाइपाने आपल्या ताकदीबाहेर सोसलं होतं.

नवी लाइन सीपीव्हीसीची, फिकट पिवळसर रंगाची. साधा पांढरा पीव्हीसी कढत पाण्याने मऊ पडतो, हा टिकतो आणि क्षारही त्याला कमी धरतात. पण तो तापला की लांबतो. दहा मीटर लांबीचा पाइप चाळीस अंशांनी तापला तर जवळजवळ अडीच सेंटिमीटरने वाढतो, लोखंडाच्या पाचपट. म्हणून प्लंबरने क्लॅम्प आवळले नाहीत, पाइपाला सरकायला जागा ठेवली. भिंतीत जिथे झिरी मारली तिथेही प्लास्टरच्या आत काळ्या फोमची नळी चढवूनच पाइप बसवला. थंड आणि गरम दोन्ही पाणी एकाच उंचीच्या टाक्यांवरून घेतलं, म्हणजे मिक्सरमध्ये एकाने दुसऱ्याला मागे ढकलायला नको. सोलरकडे जाणाऱ्या थंड पाण्याच्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घातला. आणि टाकीच्या माथ्यावर एक उघडी नळी उभी केली, थंड पाण्याच्या टाकीहून उंच. पाणी तापलं की त्यातली हवा सुटते. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर ती पाइपात अडून बसते आणि पाणी असूनही नळ कोरडा राहतो.

ती उघडी नळी पाहताना मला कात्रजचे उच्छ्वास आठवले. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पुण्यातल्या हौदांपर्यंत आणलं गेलं. त्या वाटेवर ठरावीक अंतराने हवेला बाहेर पडायला वाट देणारे उच्छ्वास बांधले होते. पंपाविना, निव्वळ उतारावर, मैलोन्मैल पाणी नेणाऱ्यांनी वाहत्या पाण्यालाही श्वास लागतो हे ओळखलं होतं. आमच्या गच्चीवरची हातभर नळी त्याच शहाणपणाची वारस आहे.

आणि शेवटच्या नळाचं दुःख आपल्या तालुक्याला नवं नाही. चास-कमानचं धरण खेड तालुक्यात भीमेवर आहे. त्याचा कालवा पुढे शिरूरकडे जातो. कोणत्याही कालव्याच्या शेपटाला ज्याची शेती असते त्याला विचारा, पाणी सुटल्याची बातमी त्याला पेपरात कळते आणि पाणी मागाहून येतं, आलं तर. म्हणून आवर्तन शेपटाकडून माथ्याकडे द्यावं, आधी शेवटच्या शेताला आणि मग पहिल्याला, असा आग्रह पाण्यावर काम करणाऱ्यांनी महाराष्ट्रात वर्षानुवर्षं धरला. घरातल्या पाइपालाही मी तोच नियम लावते. वाटणी कशी झाली हे पहिल्या नळाला विचारायचं नसतं. तो नेहमी समाधानीच असतो.

नवी लाइन सुरू झाल्यावर वरच्या पोरांना फरक फारसा कळला नाही, कारण त्यांना आधीही त्रास नव्हता. फरक कळला तो खाली. सासूबाई आता नळ सोडतात आणि दोन-तीन तांब्यांतच पाणी हाताला चटका देतं. पहिली बादली झाडांना घालायचं काम संपलं. सगळ्यांच्या आधी, पहाटेच्या गार हवेत, त्या आंघोळ उरकून घेतात. आधी आंघोळ करावी असं त्यांना आयुष्यात कधी वाटलं होतं की नाही, ठाऊक नाही. पण आता करतात, आणि ओले केस पुसत ओट्याशी येऊन बसतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तकाकी असते.

आमच्या गावात आजही रोज कुठे ना कुठे स्लॅब पडतो आहे. मोई, चिंबळी, म्हाळुंगे, सगळीकडे तेच. नवं घर बांधणाऱ्यांना माझी विनवणी आहे. न्हाणीघरं एकाखाली एक घ्या. डक्टला दोन फूट जागा सोडा आणि सोलर त्याच्या डोक्यावर बसवा. गरम पाण्याची वाट कागदावर आधी काढा, प्लास्टर नंतर करा. जुनं घर असेल तर मोठा सोलर घ्यायच्या आधी टाकीपासून शेवटच्या नळापर्यंतचा पाइप एकदा मोजा. आणि घरात सगळ्यांत शेवटी आंघोळ कोण करतं, ते विचारा. लाइन तिथून आखायला घ्या.